भावाला भाऊ म्हणण्याचे धैर्य

खालिद हुसैनी यांची ‘द काइट रनर’ ही कादंबरी २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि पाहता पाहता जगभर पोहोचली. २००७ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. मराठीतही तिचा अनुवाद झाला आणि अनेक सुशिक्षित घरांतील पुस्तकांच्या कपाटात तिला जागा मिळाली. काबूलमधील दोन मुलांची मैत्री, त्यातील एकाने केलेला विश्वासघात आणि पुढे अनेक वर्षांनी घेतलेले प्रायश्चित्त, असा तिचा विषय आहे. वाचकाचे डोळे पाणावतील अशा अनेक जागा तीत आहेत. परंतु डोळे पुसून पुस्तक मिटले की, या दोन मुलांमध्ये जी भिंत उभी होती ती कोणी बांधली, हा प्रश्न बहुधा मागे राहून जातो. त्या भिंतीचा इतिहास समजून घेतल्याशिवाय कादंबरी वाचली असे म्हणता येणार नाही. त्या इतिहासात आपणा सर्वांनाही विचारात पाडील असे बरेच काही आहे.

कथा थोडक्यात अशी. काबूलच्या वझीर अकबर खान या प्रतिष्ठित वस्तीत एका श्रीमंत पश्तून व्यापाऱ्याचा मुलगा अमीर वाढतो आहे. त्याच वाड्याच्या आवारातील मातीच्या खोलीत अली हा नोकर आणि त्याचा मुलगा हसन राहतात. ते हजारा जमातीचे आहेत. दोन्ही मुले आईविना वाढलेली, एकाच दाईच्या दुधावर पोसलेली. १९७५ च्या हिवाळ्यात काबूलच्या पतंगांच्या स्पर्धेत अमीर जिंकतो. शेवटचा कटलेला पतंग त्याच्यासाठी आणायला हसन धावतो आणि एका गल्लीत आसिफ नावाच्या दांडगट पश्तून मुलाच्या तावडीत सापडतो. त्याच्यावर अत्याचार होतो. अमीर ते कोपऱ्याआडून पाहतो आणि गप्प राहतो. पुढे स्वतःची लाज लपवण्यासाठी तो हसनवर चोरीचा आळ आणतो. रशियन सैन्य आल्यावर अमीर आपल्या वडिलांसह अमेरिकेत जातो. अनेक वर्षांनी त्याला कळते की, हसन हा त्याच्याच वडिलांचा मुलगा, म्हणजे त्याचा सावत्र भाऊ होता. तोवर तालिबानने हसनला गोळी घातलेली असते. हसनचा मुलगा सोहराब याला काबूलहून सोडवून आणणे एवढेच अमीरच्या हाती उरते.

यातील हजारा म्हणजे कोण? मराठी माणूस रोज उच्चारतो तो ‘हजार’ हा फारसी शब्दच या नावाच्या मुळाशी आहे. मंगोल सैन्यातील हजार-हजारांच्या तुकड्यांशी या नावाचा संबंध जोडला जातो. मध्य अफगाणिस्तानातील बामियान, दायकुंडी आणि लगतचा डोंगराळ मुलूख ही त्यांची भूमी असून तिला हजाराजात म्हणतात. त्यांची हजारगी बोली फारसीचेच एक रूप आहे. तीत मंगोल आणि तुर्की शब्दांची भर आहे. चेहरेपट्टी मध्य आशियाई, आणि पंथ बहुसंख्येने शिया. सुन्नीबहुल आणि पश्तून सत्तेच्या अफगाणिस्तानात चेहरा आणि पंथ ही दोन्ही वेगळेपणाची चिन्हे एकाच माणसाच्या अंगावर आल्याने हजारा कोठेही लपू शकत नाही. कादंबरीत रस्त्यावरचे सैनिक आणि टवाळ पोरे त्याच्या नाकाच्या ठेवणीवरून त्याला शिव्या घालतात, त्या कल्पनेतून आलेल्या नाहीत. पिढ्यानपिढ्या त्या काबूलच्या रस्त्यांवर ऐकू येत होत्या.

अफगाण राज्याची मुहूर्तमेढ १७४७ मध्ये कंदाहारला अहमदशहा अब्दालीने रोवली. हे नाव महाराष्ट्राला निराळे सांगायला नको. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली ती याच अब्दालीशी झुंजताना. त्याने उभे केलेले राज्य पश्तून टोळ्यांच्या बळावर उभे होते. त्यात ताजिक, उझबेक, हजारा प्रजा होते. राज्याचे भागीदार नव्हते. टोळीचा मान, वंशाचा अभिमान आणि पंथाचा कडवेपणा या तिन्हींच्या आधारावर चालणारे राज्य पुढे कोणत्या वळणाला जाते, याचा प्रत्यय त्यानंतर सव्वाशे वर्षांनी आला.

अमीर अब्दुर रहमान खान १८८० मध्ये गादीवर आला आणि १९०१ पर्यंत त्याने राज्य केले. १८९१ ते १८९३ या काळात त्याने हजाराजातवर मोहिमा चालवल्या. शियांना काफिर ठरवणारे फतवे मौलवींकडून काढून घेतले आणि हजारांविरुद्धच्या युद्धाला धर्मयुद्धाचे रूप दिले. गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. स्त्री-पुरुष गुलाम म्हणून काबूलच्या बाजारात विकले गेले. त्यांच्या कुरणांवर आणि जमिनींवर पश्तून भटक्या टोळ्यांना हक्क देण्यात आले. जे निसटले ते पश्चिमेला इराणमधील मशहदकडे आणि दक्षिणेला क्वेट्ट्याकडे गेले. क्वेट्ट्यातील आजचा हजारा समाज त्या पळापळीतूनच वसला आहे. त्यानंतर १८९५-९६ मध्ये याच अमीराने काफिरिस्तान जिंकले, तेथील प्राचीन देवतांची उपासना करणाऱ्या लोकांना सक्तीने मुसलमान केले आणि त्या मुलखाचे नाव नूरिस्तान ठेवले. या अमीराला ब्रिटिश सरकार १८८३ पासून वर्षाला बारा लाख रुपये देत होते. १८९३ मध्ये ड्युरांड रेषेचा करार झाला तेव्हा ती रक्कम अठरा लाख करण्यात आली. हिंदुस्थानच्या तिजोरीतून गेलेला हा पैसा कोणाच्या मानेवर तलवार म्हणून पडला, याचा हिशेब आपल्या पाठ्यपुस्तकांनी कधी मांडला नाही.

अफगाणिस्तानात गुलामगिरी कायद्याने संपली ती अमानुल्लाच्या कारकिर्दीत, १९२३ च्या राज्यघटनेने. परंतु बाजारातला गुलाम घरातला गडी झाला, एवढाच फरक पडला. काबूलमध्ये हमाल, पाणके, स्वयंपाकी, घरगडी म्हणून राबणारा वर्ग बहुतांशी हजारांचा राहिला. कादंबरीतील अली आणि हसन या वर्गाचे प्रतिनिधी आहेत. अमीरला आईच्या जुन्या पुस्तकांत हजारांवरील अत्याचारांचे एक प्रकरण सापडते, तो ते शिक्षकांना दाखवतो आणि शिक्षक तुच्छतेने नाक मुरडतात, असा एक प्रसंग हुसैनी यांनी लिहिला आहे. जे शाळेत शिकवले जात नाही, ते घडलेच नाही असे मानायला मुले शिकतात. हजारांची नेमकी संख्या किती, हादेखील त्या देशात वादाचा विषय राहिला; कारण १९७९ मध्ये सुरू झालेली जनगणना पूर्ण होऊ शकली नाही आणि त्यानंतर तसा प्रयत्न तडीस गेला नाही. मोजणेच नको, म्हणजे वाटा देण्याचा प्रश्न नको.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सारे पश्तून क्रूर आणि सारे हजारा निष्पाप, अशी वाटणी करणे इतिहासाला धरून होणार नाही. अतिथीला प्राणापलीकडे जपणे आणि शरण आलेल्याला आश्रय देणे हे पश्तूनवालीचे नियम आहेत. खान अब्दुल गफार खान हे पश्तूनच होते. शस्त्रावर वाढलेल्या जमातीला त्यांनी अहिंसेच्या शिस्तीत उभे केले आणि फाळणीनंतर त्याची किंमत तुरुंगवासाने मोजली. भारताने १९८७ मध्ये त्यांना भारतरत्न दिले. कादंबरीकार हुसैनी हेदेखील काबूलच्या उच्चभ्रू वर्गातले. वडील परराष्ट्र खात्यात, आई शाळेत फारसीची शिक्षिका. लहानपणी घरातल्या हजारा स्वयंपाक्याला आपण लिहा-वाचायला शिकवले, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. आपल्याच समाजाच्या अन्यायाची कथा त्या समाजातल्या लेखकाने लिहावी, ही कोणत्याही समाजाच्या दृष्टीने आशेची गोष्ट मानली पाहिजे. ही कथा काबूलच्या सरकारला मात्र मानवली नाही. वांशिक तेढ वाढेल या भीतीने २००८ च्या जानेवारीत चित्रपटाला अफगाणिस्तानात बंदी घालण्यात आली आणि त्यात काम केलेल्या मुलांना तर त्याआधीच देशाबाहेर हलवावे लागले होते.

कादंबरीतील दाई बामियानची आहे. लेखकाने हे गाव सहज निवडलेले नाही. गांधाराची ही भूमी आपल्याला परकी नाही. ऋग्वेदातील कुभा म्हणजेच काबूल नदी. या प्रदेशावर हिंदुशाही राजांनी अकराव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत राज्य केले. बामियानच्या कड्यात सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्तींपैकी मोठी पंचावन्न मीटर आणि धाकटी अडतीस मीटर उंच होती. सातव्या शतकात ह्युएन त्संगने त्यांचे वर्णन लिहून ठेवले. पुढे त्या खोऱ्यातले लोक मुसलमान झाले, बुद्धाचे नाव विसरले. पण मूर्तींशी त्यांनी नाते तोडले नाही. सलसाल आणि शाहमामा अशी नावे देऊन त्यांनी त्या दोन मूर्तींची प्रेमकथा रचली आणि पिढ्यानपिढ्या सांगितली. उपासना बदलली तरी पूर्वजांच्या वारशाशी नाते राखता येते, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. २००१ च्या मार्चमध्ये तालिबानने या मूर्ती सुरुंग लावून उडवल्या. ते सुरुंग कड्यात बसवण्यासाठी स्थानिक हजारांनाच बंदुकीच्या धाकावर राबवले गेले, असे त्यांच्यापैकी काहींनी पुढे सांगितले. पुरुषांना मारायचे, आणि जे उरतील त्यांच्या हातून त्यांच्याच आठवणींचा चुराडा करवायचा, अशी ही रीत होती.

मूर्तींच्या आधी माणसे पडली होती. १९९८ च्या ऑगस्टमध्ये तालिबानने मझार-ए-शरीफ घेतले तेव्हा घराघरांत शिरून हजारा पुरुषांना वेचून मारण्यात आले. बळींचा आकडा किमान दोन हजार असल्याचे मानवाधिकार संघटनांनी नोंदवले आहे. कादंबरीत हसनचा अंत याच लाटेच्या पार्श्वभूमीवर येतो. त्याआधीच्या वर्षी त्याच भागात पकडलेल्या तालिबानी कैद्यांची मोठी कत्तल झाली होती आणि तीत उझबेकांबरोबर हजारा लढवय्यांचाही हात होता, हेही विसरता येत नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत काबूलच्या अफशार वस्तीत हजारांचे शिरकाण झाले ते तालिबानच्या आधी, मुजाहिदीन गटांच्या आपसातील लढाईत. द्वेषाची परतफेड द्वेषाने होत गेली की, शेवटी कोणाचेच हात स्वच्छ राहत नाहीत.

या देशातील हिंदू आणि शीख बांधवांची कथा याच कथेचा एक भाग आहे. शतकानुशतके काबूल, जलालाबाद, कंदाहार, गझनी येथे व्यापार करणारा हा समाज १९९० च्या दशकातील यादवीत देशोधडीला लागला. २००१ च्या मे महिन्यात हिंदूंनी ओळखीसाठी पिवळे चिन्ह बाळगावे, असा हुकूम तालिबानने जाहीर केला, तेव्हा जगाला हिटलरच्या जर्मनीची आठवण झाली. २०१८ मध्ये जलालाबादला आणि २०२० च्या मार्चमध्ये काबूलच्या गुरुद्वारात हल्ले झाले. काबूलच्या एका हल्ल्यात पंचवीस भाविक मारले गेले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबान पुन्हा काबूलला आले तेव्हा गुरू ग्रंथसाहिब मस्तकावर घेऊन हे बांधव दिल्लीला उतरले. २०१४ अखेरपर्यंत आलेल्या अशा निर्वासितांना नागरिकत्वाचा मार्ग खुला करणारा २०१९ चा कायदा का आवश्यक होता, हे त्या दृश्याने समजावले. मात्र याच हल्लेखोरांनी हजारांच्या शाळा, मशिदी आणि प्रसूतिगृहदेखील सोडले नाही, याचे भान आपण ठेवले पाहिजे. ज्याला मारायचे त्याला आधी परका ठरवावे लागते. मग तो हिंदू असो, शीख असो, की त्याच कुराणासमोर नतमस्तक होणारा शिया हजारा असो.

कादंबरीतील आसिफ हे पात्र यासाठी बारकाईने पाहण्यासारखे आहे. किशोरवयात तो हिटलरचा भक्त आहे. अफगाणिस्तान ही पश्तुनांची भूमी असून ती इतर वंशांपासून शुद्ध केली पाहिजे, असे त्याचे मत आहे. हाच आसिफ पुढे तालिबानी अधिकारी होतो. वंशशुद्धीचे वेड आणि पंथाचा कडवेपणा एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, हे लेखकाने त्यातून दाखवले. रक्तावर उभे केलेले राष्ट्र शेवटी आपल्याच लोकांचे रक्त मागते. भारताची राष्ट्रकल्पना रक्ताच्या शुद्धतेवर उभी नाही, ती संस्कृतीच्या आणि पूर्वजांच्या समान वारशावर उभी आहे, असे आपण सांगतो. ते खरे असेल तर त्याची कसोटी व्यासपीठावर लागत नाही. ती घरात आणि गल्लीत लागते.

आपल्याकडे उच्चनीचतेचा सारा दोष एकट्या हिंदू समाजाच्या माथी मारण्याची एक विद्वत्पद्धती रूढ आहे. हजारांचा इतिहास त्या पद्धतीला उत्तर देतो. एकच ग्रंथ, एकच प्रेषित आणि बंधुतेची घोषणा असूनही माणसाने माणसाला शतकभर पायाशी ठेवले, कारण उच्चनीचता हा कोणा एका धर्माचा मक्ता नाही. पण एवढे उत्तर देऊन जो समाधान मानील, त्याने ही कादंबरी वाया घालवली. शेजाऱ्याचे घर जळते आहे म्हणून आपल्या घरातला धूर कमी होत नाही.

१९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी, अस्पृश्यता जर चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, या आशयाचे निःसंदिग्ध प्रतिपादन केले. १४ एप्रिल १९८३ रोजी पुण्यात सामाजिक समरसता मंच सुरू झाला. त्या दिवशी डॉ. आंबेडकर आणि डॉ. हेडगेवार या दोघांचीही जयंती एकाच वेळी आली होती, ती तिथी आणि तारखेच्या योगाने. ते शब्द आणि तो संकल्प यांना आता अनेक दशके लोटली. सहभोजने झाली, कार्यक्रम झाले. पण आपल्या घरात काम करणाऱ्या बाईंची कपबशी अजून वेगळी ठेवलेली असते काय? त्यांच्या मुलीचे नाव आपल्याला ठाऊक असते काय? ती कितवीत आहे, हे आपण कधी विचारतो काय? चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवणे कायद्याने २००६ मध्येच बंद केले. मग गावाकडून ‘सोबतीला’ आणलेली लहान मुलगी आपल्या ओळखीच्या कोणाकडे दिसली तर आपण बोलतो, की अमीरसारखे कोपऱ्याआडून पाहतो?

कादंबरीतील एक बारीक प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हसन निरक्षर आहे आणि अमीर त्याला पुस्तके वाचून दाखवतो. हसनने एका शब्दाचा अर्थ विचारला की अमीर मुद्दाम उलटा अर्थ सांगतो आणि मनातल्या मनात हसतो. हा अत्याचार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवला जाणार नाही. पण गल्लीतल्या त्या मोठ्या अपराधाची तयारी याच लहान गमतीत झालेली असते. ज्याच्या अज्ञानावर आपण करमणूक करतो, त्याच्यासाठी संकटाच्या वेळी आपण उभे राहत नाही. पुढे हसन स्वतःच्या बळावर लिहायला शिकतो आणि अमीरला पत्र पाठवतो. आपल्या मुलालाही तो वाचायला शिकवतो.

खऱ्या हजारांनीही हाच मार्ग धरला. २००१ नंतर जी थोडी मोकळीक मिळाली तीत त्यांनी शाळा काढल्या, मुलींना शिकवले. २००४ च्या घटनेने शिया न्यायपद्धतीला प्रथमच मान्यता दिली. २००५ मध्ये हबीबा सराबी बामियानच्या राज्यपाल झाल्या; त्या देशातील पहिल्या महिला राज्यपाल. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अफगाणिस्तानला पहिले पदक मिळवून दिले ते रोहुल्ला निकपाई या हजारा खेळाडूने, आणि त्या दिवशी साऱ्या देशाने त्याला आपला म्हटले. म्हणूनच शत्रूने नेमक्या शाळा हेरल्या. काबूलच्या पश्चिमेकडील दश्त-ए-बर्ची या हजारा वस्तीत २०२१ च्या मे महिन्यात शाळेबाहेर झालेल्या स्फोटांत ऐंशीहून अधिक जण, बहुतांशी मुली, मारल्या गेल्या. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तेथीलच एका शिकवणी वर्गात प्रवेशपरीक्षेचा सराव करणाऱ्या पन्नासहून अधिक मुले-मुली ठार झाल्या. हातात पेन्सिल असलेल्या मुलीला जे घाबरतात, त्यांना ज्ञानाचे सामर्थ्य आपल्यापेक्षा अधिक कळलेले असते.

भारताने त्या देशात रस्ता बांधला, धरण उभारले, संसदेची इमारत उभी केली. पुण्यात शेकडो अफगाण विद्यार्थी शिकले. २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा त्यांच्यापैकी अनेकजण येथेच अडकले होते. त्यांच्यात पश्तून होते, ताजिक होते, हजाराही होते. कार्यकर्त्यांनी अशा विद्यार्थ्यांना सणाला घरी बोलवावे, त्यांच्याकडून त्यांचा देश समजून घ्यावा. पानिपताची आठवण पुसून टाकावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु अब्दालीच्या देशातला प्रत्येकजण अब्दाली नसतो, हे समजण्याइतका आपला इतिहास प्रगल्भ असला पाहिजे.

हसन आणि अमीर या दोघांचे आवडते काव्य फिर्दौसीचे ‘शाहनामा’. त्यातील रुस्तुम अनोळखीपणे स्वतःच्याच मुलावर, सोहराबवर, वार करतो आणि ओळख पटते तेव्हा उशीर झालेला असतो. अमीरच्या वडिलांना तर ओळख होती. हसन आपला मुलगा आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्यांनी त्याच्या फाटक्या ओठाची शस्त्रक्रिया करवली, त्याचे वाढदिवस लक्षात ठेवले, तो घर सोडून निघाला तेव्हा ते रडलेही. फक्त त्याला मुलगा म्हटले नाही. लोक काय म्हणतील, या एका भीतीपुढे शौर्यासाठी नावाजलेला तो पश्तून हरला. दया करणे त्याला जमले, नाते सांगणे जमले नाही.

आपल्या समाजाचे दुखणेही नेमके येथेच आहे. वंचितांसाठी कपडे गोळा करणारे, शिबिरे घेणारे, देणगी देणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांचे मोल कमी नाही. पण ज्याला आपण कपडे देतो, त्याला घरच्या लग्नात पंगतीत शेजारी बसवतो काय, आपल्या मुलाने त्याच्या मुलीशी विवाह ठरवला तर आपला चेहरा पडत नाही ना, हे प्रश्न अजून उत्तराची वाट पाहत आहेत. कादंबरीच्या अखेरीस अमेरिकेतल्या जेवणाच्या टेबलावर अमीरचे सासरे, जुने सेनाधिकारी, त्या हजारा पोराला घरात का आणले असे विचारतात. अमीर त्यांना सांगतो की, तो माझ्या भावाचा मुलगा आहे आणि यापुढे त्याचा उल्लेख जातीने करायचा नाही. सव्वीस वर्षांपूर्वी त्या गल्लीत जे बोलायचे होते, ते तो तेव्हा बोलतो. आपल्या घरांत ते बोलायला इतका वेळ लागू नये.